अठ्ठावीस प्रश्न

१ जानेवारी २००६ला रविवार होता. त्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बायरन कॅलेम यांचा स्तंभ छापून आला. कॅलेम यांना पगार 'टाइम्स'च देत होता. पण त्या स्तंभात ते वाचकांना सांगत होते की, या वर्तमानपत्राच्या संपादकानं आणि प्रकाशकानं माझ्या प्रश्नांना उत्तर द्यायला नकार दिला आहे.

प्रश्न होते अठ्ठावीस. दोन आठवड्यांपूर्वी, १६ डिसेंबर २००५ला, 'टाइम्स'नं मोठी बातमी फोडली होती. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था न्यायालयाची परवानगी न घेता देशातल्याच लोकांची संभाषणं चोरून ऐकत होती. जेम्स रायझन आणि एरिक लिख्टब्लाउ या दोन बातमीदारांनी ती आणली आणि पुढे तिला पुलित्झर मिळालं. पण बातमीतच एक वाक्य होतं: सरकारच्या विनंतीवरून आम्ही हा मजकूर वर्षभर थांबवून ठेवला होता. वाचक त्या वाक्यापाशी थबकले. वर्षभर म्हणजे नेमकं कधीपासून? २ नोव्हेंबर २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आधी बातमी तयार होती का? होती, तर मतदारांपासून ती लपवायचा निर्णय कोणी घेतला? वाचकांच्या वतीनं हेच विचारण्यासाठी कॅलेम यांची नेमणूक झालेली. त्यांनी संपादक बिल केलर यांच्याकडे प्रश्न पाठवले. केलर बोलले नाहीत, प्रकाशक आर्थर सल्झबर्गरही बोलले नाहीत. कॅलेम यांच्या हातात ना समन्स होतं, ना दंडाचा अधिकार. होती ती स्तंभाची जागा. त्यांनी तिथे तो नकार छापला.

आठ महिन्यांनी, ऑगस्ट २००६मध्ये, कॅलेम यांनी तोच प्रश्न पुन्हा काढला आणि या वेळी केलर यांनी उत्तर दिलं. हो, निवडणुकीच्या आधी बातमीचा मसुदा तयार होता.

वर्तमानपत्रं आपल्याच घरात नेमतात तो वाचकांचा तपासनीस खरोखर वर्तमानपत्राला जाब विचारू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर मला या प्रकरणात सापडतं. कॅलेम हरले असं म्हणता येईल, कारण निर्णय बदलला नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, आणि उत्तर मिळालं तेव्हा निवडणूक होऊन पावणेदोन वर्षं उलटली होती. पण बाहेरच्या कोणाही टीकाकारानं हाच प्रश्न विचारला असता तर संपादकाला गप्प राहणं फुकट पडलं असतं. कॅलेम यांच्यापुढे गप्प राहण्याची किंमत त्याच वर्तमानपत्रात, त्याच वाचकांसमोर मोजावी लागली. माझं म्हणणं एवढंच आहे: या पदाची ताकद निकाल देण्यात नाही, नाकारलेलं उत्तर छापून दाखवण्यात आहे. आणि चूक जितक्या वरच्या मजल्यावरची, तितकी ही ताकद तोकडी पडते.

या पदाला कोणी ऑम्बुड्समन म्हणतं, कोणी पब्लिक एडिटर, कोणी रीडर्स एडिटर. आपण वाचक-संपादक म्हणू. कल्पना जुनी आहे. १९१३मध्ये राल्फ पुलित्झर यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये बातम्यांची अचूकता तपासणारा एक विभाग काढला आणि आयझॅक व्हाइट यांना प्रमुख केलं. जुने अंक चाळताना व्हाइट यांना एक गोष्ट खटकली. जहाज बुडाल्याच्या बातम्यांत दर वेळी जहाजावरचं मांजर वाचलेलं असायचं. त्यांनी बातमीदाराला बोलावून विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. एकदा खरंच मांजर होतं, खलाशी ते वाचवायला परत गेले, आणि मी बातमी त्या मांजरावर रंगवली. बाकीच्या वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना 'मांजर का सुटलं' म्हणून साहेबांची बोलणी बसली. पुढच्या जहाजावर मांजर नव्हतंच, पण बोलणी नकोत म्हणून त्यांनी ते घातलं. मी घातलं नाही, तर या वेळी मला बोलणी बसली. तेव्हापासून सगळेच घालतात.

हा किस्सा मला फार मोलाचा वाटतो. बाहेरच्या टीकाकारानं लिहिलं असतं की बातमीदार खोटारडे आहेत, आणि तिथेच थांबला असता. घरातल्या माणसानं टेबलापलीकडे बसून विचारलं तेव्हा कळलं की खोट्याची मागणी डेस्कवरून येत होती. वाचक-संपादकाचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे. त्याला आतल्या दारानं जाता येतं. कोणत्या बातमीदारानं मजकूर दिला, कोणत्या उपसंपादकानं पान लावलं, रात्री मथळा कोणी बदलला, हे तो नावानिशी विचारू शकतो.

आधुनिक रूपात हे पद १९६७मध्ये आलं. त्या वर्षी ११ जूनला ए. एच. रास्किन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिक पुरवणीत लेख लिहून सुचवलं की प्रत्येक वर्तमानपत्रानं स्वतःवर टीका करणारा एक विभाग ठेवावा. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या 'कुरियर-जर्नल'चे नॉर्मन आयझॅक्स यांनी ते मनावर घेतलं. काही आठवड्यांतच त्यांनी जॉन हर्शेनरोडर या अनुभवी शहर संपादकाला तक्रारींसाठी बसवलं. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं १९७०मध्ये रिचर्ड हारवुड यांना नेमलं. ज्या 'टाइम्स'मध्ये मूळ लेख आला, त्याला मात्र छत्तीस वर्षं लागली, आणि तीही एका मोठ्या बेअब्रूनंतर.

बेअब्रूची वाट पाहणं हा या पदाच्या इतिहासातला कायमचा धागा आहे. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण 'पोस्ट'चं.

२८ सप्टेंबर १९८०ला 'पोस्ट'च्या पहिल्या पानावर 'जिमीज वर्ल्ड' ही जॅनेट कुक यांची बातमी आली. वॉशिंग्टनमधल्या आठ वर्षांच्या एका मुलाला हेरॉइनचं व्यसन आहे आणि घरातलाच माणूस त्याच्या दंडात सुई टोचतो, असं तिच्यात होतं. शहर हादरलं. पोलिसांनी कित्येक दिवस मुलाचा शोध घेतला, मूल मिळेना. 'पोस्ट'नं सूत्राचं नाव उघड न करण्याच्या तत्त्वाचा आधार घेतला आणि माहिती दिली नाही. संशय बाहेरच होता असं नाही. कोर्टलंड मिलॉय हा सहकारी कुक यांना घेऊन त्या वस्तीत गेला, तर त्यांना ते घर दाखवता आलं नाही. त्यानं हे वरिष्ठांच्या कानावर घातलं. कुक यांनी ज्यांच्या हाताखाली आधी काम केलं होतं त्या संपादकबाईंचाही विश्वास बसत नव्हता. तरीही 'पोस्ट'नं बातमी पुलित्झरसाठी पाठवली. १३ एप्रिल १९८१ला पारितोषिक जाहीर झालं. कुक यांनी पूर्वी नोकरी केलेल्या टोलिडो शहरातल्या वर्तमानपत्रात त्यांचा परिचय छापायला घेतला, तेव्हा तिथल्या लोकांना शिक्षणाचे तपशील जुळेनात. त्यांनी विचारणा केली. दोन दिवसांत सगळं कोसळलं. जिमी नावाचा मुलगाच नव्हता.

त्यानंतर 'पोस्ट'चे वाचक-संपादक बिल ग्रीन यांनी जे केलं ते आजही वाचावं असं आहे. ते मूळचे ड्यूक विद्यापीठातले. तिथून रजा घेऊन ते या पदावर आले होते, त्यामुळे 'पोस्ट'मध्ये पुढची बढती मिळवायची नव्हती आणि कोणाची मर्जी सांभाळायची नव्हती. त्यांनी संपादकापासून बातमीदारापर्यंत सगळ्यांना गाठलं आणि १९ एप्रिलच्या रविवारी त्यांचा वृत्तांत पहिल्या पानावर सुरू होऊन आतली पानंच्या पानं व्यापून छापला गेला. बातमी कशी आली, कोणाला कधी शंका आली, ती कोणापाशी अडली, मोठ्या बातमीच्या आणि पारितोषिकाच्या हव्यासानं कोणाचे डोळे झाकले, हे सगळं त्यात नावानिशी होतं. 'पोस्ट'चे संपादक बेन ब्रॅडली आणि बॉब वुडवर्ड ही वॉटरगेटनं मोठी केलेली नावंही त्यातून सुटली नाहीत. एखाद्या वर्तमानपत्रानं स्वतःच्या अंगावर असा उजेड टाकल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

आणि तरीही प्रश्न उरतोच. बातमी छापल्यापासून पारितोषिकापर्यंत साडेसहा महिने गेले. तोवर 'पोस्ट'मध्ये हे पद दहा वर्षं जुनं झालं होतं. ज्यांना शंका होती त्यांच्यापैकी कोणी ती त्या दारात नेल्याचं दिसत नाही. ते दार वाचकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असाच समज असावा. वाचक-संपादक घात झाल्यावर पंचनामा उत्तम करतो. घात टाळायचा असेल तर वार्ताकक्षातल्या धाकट्या माणसालाही त्याच्याकडे जाता आलं पाहिजे, आणि गेल्यावर त्याची नोकरी सुरक्षित राहिली पाहिजे. ब्राझीलच्या 'फोल्हा द साओ पाउलो'नं १९८९मध्ये हे पद निर्माण करताना निम्मी वाट तरी चालली. तिथला वाचक-संपादक रविवारी वाचकांसाठी लिहितो, शिवाय अंकाची टीका थेट वार्ताकक्षात फिरवतो. मुदत संपेपर्यंत त्याला काढता येत नाही आणि मुदतीनंतरही काही काळ त्याच्या नोकरीला संरक्षण असतं. चाळीस वर्षं होत आली, तिथे हे पद टिकून आहे. ते टिकण्यात या शेवटच्या अटीचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

'न्यूयॉर्क टाइम्स'ची कथा जेसन ब्लेअरपासून सुरू होते. या तरुण बातमीदारानं डझनावारी बातम्यांत चोरलेला आणि रचलेला मजकूर घातला होता. मे २००३मध्ये 'टाइम्स'नं पहिल्या पानापासून सात हजारांहून जास्त शब्दांत ते स्वतःच सांगितलं. जूनमध्ये संपादक हॉवेल रेन्स आणि त्यांचे सहकारी जेराल्ड बॉइड पायउतार झाले, आणि चौकशी समितीच्या शिफारशीवरून डिसेंबरमध्ये डॅनियल ओक्रेंट पहिले पब्लिक एडिटर झाले. ते मासिकांच्या दुनियेतून आलेले. मुदत अठरा महिन्यांची, वाढवून मिळणार नाही हे आधीच ठरलेलं.

ओक्रेंट यांच्यापुढचा खरा प्रश्न ब्लेअरपेक्षा मोठा होता. इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत अशा अर्थाच्या बातम्या 'टाइम्स'नं युद्धापूर्वी पहिल्या पानांवर दिल्या होत्या, आणि अस्त्रं सापडली नव्हती. २६ मे २००४ला संपादकांनी त्याबद्दल निवेदन छापलं, पण आत दहाव्या पानावर. चार दिवसांनी ओक्रेंट यांचा स्तंभ आला. त्यांनी दोष एका बातमीदाराच्या माथी मारला नाही. पहिल्या पानाची हाव, सूत्रांचे लाड, बातमी फोडायची आणि पाठपुरावा करायचा नाही ही सवय, काही बातमीदारांना संपादनाच्या चाळणीतून मिळणारी सूट, असं सगळं त्यांनी मांडलं. वर्तमानपत्राची रीतच चुकली होती, असा त्यांचा रोख होता. निदान अचूक होतं, पण तोवर युद्ध सुरू होऊन चौदा महिने झाले होते.

छोट्या गोष्टींत मात्र हे पद झटपट काम करतं. सप्टेंबर २०१२मध्ये मार्गारेट सलिव्हन 'टाइम्स'च्या पब्लिक एडिटर म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. अमेरिकेतल्या राजकीय बातमीदारीत एक प्रथा पसरली होती. मुलाखत द्यायची, पण छापायची विधानं आधी आमच्याकडे पाठवून मंजूर करून घ्यायची, अशी अट नेत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे हस्तक घालत आणि बातमीदार ती मान्य करत. सलिव्हन यांनी त्यावर लिहिलं आणि काही दिवसांतच 'टाइम्स'नं आपल्या बातमीदारांना अशी मंजुरी घेण्यास मनाई करणारा आदेश काढला. टीकेतून थेट नियम निघाला. असं होऊ शकलं कारण त्यात मालकाचं काही अडत नव्हतं आणि बऱ्याच बातमीदारांनाही हे जोखड नकोच होतं.

लंडनच्या 'गार्डियन'नं १९९७मध्ये इयन मेझ यांना रीडर्स एडिटर नेमलं, तेव्हा संपादक ॲलन रसब्रिजर यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. मेझ यांच्या मजकुराला संपादक हात लावणार नाही, आणि मेझ यांना काढायचं तर ते फक्त मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टला करता येईल. रोज, ठरलेल्या जागी, चुकांच्या दुरुस्त्या छापल्या जाऊ लागल्या. नावं, आकडे, पक्ष्यांच्या जाती, फोटोखालच्या ओळी, सगळं. काहींना ती जागा क्षुल्लक वाटली असेल. मला ती या पदाची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते, कारण रोज चूक कबूल करायची सवय लागलेल्या वर्तमानपत्राला मोठी चूक कबूल करणं कमी जड जातं. २००५मध्ये 'गार्डियन'मध्ये आलेल्या आपल्याच एका मुलाखतीवर विचारवंत नोम चॉम्स्की यांनी आक्षेप घेतला. मेझ यांनी तो मान्य केला आणि मुलाखत संकेतस्थळावरून काढली गेली. मग मेझ यांच्या निर्णयाविरुद्धच तक्रार आली आणि ती बाहेरच्या तपासनिसाकडे सोपवली गेली. तपासणाऱ्याचीही तपासणी करण्याची सोय तिथे होती.

आता वरच्या मजल्याकडे येऊ.

जुलै २००९मध्ये उघडकीला आलं की 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या प्रकाशक कॅथरीन वेमथ यांच्या घरी रात्रीची भोजनं ठरली होती. तिथे सरकारी अधिकारी, खासदार आणि 'पोस्ट'चे संपादक-बातमीदार असणार होते, आणि आरोग्यसेवेच्या धोरणासारख्या विषयांवर गप्पा होणार होत्या. कंपन्यांना आणि लॉबी करणाऱ्या संस्थांना पाठवलेल्या पत्रकात त्या टेबलावरच्या प्रायोजकत्वाचा भाव छापलेला होता: एका रात्रीचे २५ हजार डॉलर, अकरा रात्रींचे अडीच लाख. बातमी दुसऱ्याच एका वृत्तसंस्थेनं फोडली. भोजनं त्याच दिवशी रद्द झाली. 'पोस्ट'चे वाचक-संपादक अँड्र्यू अलेक्झांडर यांनी चौकशी केली आणि हा नीतीचा फार मोठा घात आहे असं आपल्याच मालकांच्या वर्तमानपत्रात लिहिलं. संपादकाला किती माहीत होतं हेही त्यांनी खणलं. धैर्याचं काम होतं, यात शंका नाही. पण प्रकाशक जागेवर राहिल्या. मार्च २०१३मध्ये 'पोस्ट'मधलं वाचक-संपादकाचं स्वतंत्र पद बंद झाल्याचं वाचकांना कळवणारं पत्र आलं ते याच वेमथ यांच्या सहीनं. भोजनाच्या प्रकरणाचा राग म्हणून पद गेलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. त्या काळात सगळीच वर्तमानपत्रं पैसे वाचवत होती. पण ज्याच्यावर टीका करायची, त्याच्याच सहीनं पद जातं, ही रचना सदोष आहे, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

'न्यूयॉर्क टाइम्स'नं ३१ मे २०१७ला हे पद बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रकाशकांनी दिलेलं कारण असं होतं की आता समाजमाध्यमांवरचे असंख्य वाचक मिळून पहारा देतात, एका माणसाची गरज उरली नाही. युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना पटण्यासारखा आहे. आज एखादा चुकीचा फोटो छापला तर तासाभरात शंभर लोक तो कुठून उचलला हे दाखवून देतात. पण त्या शंभरांपैकी एकालाही वार्ताकक्षात जाऊन वही मागता येत नाही. 'टाइम्स'च्याच पुढच्या अनुभवानं हे दिसलं. 'कॅलिफेट' ही त्यांची गाजलेली ध्वनिमालिका २०१८मध्ये आली. इस्लामिक स्टेटसाठी खून केल्याचं सांगणाऱ्या कॅनडातल्या एका तरुणाची कहाणी तिच्या मध्यभागी होती. त्याच्या सांगण्यात विसंगती आहेत हे कॅनडाच्या माध्यमांनी त्याच वर्षी दाखवलं होतं. २०२०मध्ये तिथल्या पोलिसांनी बनाव रचल्याच्या आरोपावरून त्याला अटक केली, तेव्हा 'टाइम्स'नं स्वतःची फेरतपासणी केली आणि डिसेंबरमध्ये चूक मान्य केली. बाहेरचा पहारा होता, ओरडही झाली होती. आत जाऊन 'तुम्ही याची पडताळणी कशी केलीत, दाखवा' असं वाचकांच्या वतीनं विचारणारं मात्र तेव्हा कोणी उरलं नव्हतं. जॅनेट कुक प्रकरणात ग्रीन उशिरा पोहोचले हे खरं, पण पोहोचल्यावर त्यांनी लिहिलेला वृत्तांत संपादकांचा नव्हता. हा फरक मला छोटा वाटत नाही.

आपल्या देशात हे पद फार वेळा रुजवून पाहिलं गेलेलं नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'नं १९८०च्या दशकाच्या अखेरीस माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना नेमलं. जनहित याचिकेचं दार सर्वसामान्यांना उघडून देणाऱ्यांतलं हे मोठं नाव, पण त्या प्रयोगानं मूळ धरलं नाही. खरं काम झालं ते 'द हिंदू'मध्ये. एन. राम संपादक असताना २००६च्या मार्चमध्ये के. नारायणन यांची 'गार्डियन'च्या धर्तीवर नेमणूक झाली, त्यांच्यानंतर एस. विश्वनाथन आले, आणि २०१२पासून ए. एस. पन्नीरसेल्वन यांनी बरीच वर्षं दर सोमवारी स्तंभ चालवला. 'स्क्रोल' आणि 'द वायर' या संकेतस्थळांनीही हे पद ठेवलं. मराठी दैनिकांत ते रुजलं नाही.

त्याचं एक कारण कायद्याच्या धाकात आहे असं मला वाटतं. आपल्याकडे वर्तमानपत्राची चूक म्हणजे कोर्ट, हे नातं 'केसरी'इतकंच जुनं आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापली, ती बनावट निघाली, टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांची फसवणूक झाली होती आणि हेतू शुद्ध होता. पण माफीनं शिक्षा टळली नाही. अब्रुनुकसानी आजही आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे वर्तमानपत्राचा वकील सांगतो की चूक कबूल करू नका, कबुली उद्या कोर्टात आपल्याच विरुद्ध वापरली जाईल. मग पहिल्या पानावर चार कॉलम गेलेल्या बातमीचा खुलासा आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या वर, दोन ओळींच्या चौकटीत येतो. त्यात मूळ बातमी काय होती हेही धड कळत नाही, आणि ज्याची बदनामी झाली तो माणूस ते कात्रण खिशात घालून ओळखीच्यांना दाखवत फिरतो. अशा घरात रोज चुका छापणारा माणूस मालकाला धोक्याचा वाटणारच. पण ज्याचं काही चुकलं आहे त्याला आठवड्यात ठळक जागी दुरुस्ती मिळाली, तर त्यातले बरेच जण कोर्टाची पायरी चढणार नाहीत. हे वकिलांनाही पटवून द्यावं लागेल.

मात्र मराठी वर्तमानपत्रांतली खरी दुखरी नस चुकीच्या बातमीची नाही, विकलेल्या बातमीची आहे.

ऑक्टोबर २००९मधली विधानसभेची निवडणूक आठवा. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून दाखवून दिलं की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर मोठ्या मराठी दैनिकांत जवळपास शब्दशः सारखा, पण वेगवेगळ्या नावांखाली आला होता. चव्हाण यांनी दिलेल्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप त्यांनीही नाकारला, वर्तमानपत्रांनीही. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. २०१४मध्ये आयोगानं हिशेब योग्य रीतीनं दिला नसल्याचा ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. दरम्यान प्रेस कौन्सिलनं 'पेड न्यूज'वर परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा, नावं घेणारा अहवाल दिला. कौन्सिलनं २०१०मध्ये मोजक्या पानांचा, नावं गाळलेला अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. वर्तमानपत्रांची बाहेरून तपासणी करण्यासाठी असलेली ही वैधानिक संस्था, तिला मुळात ताशेरे ओढण्यापलीकडे अधिकार नाहीत, आणि ते ओढतानाही तिच्यात बसलेल्या वर्तमानपत्रवाल्यांचा हात अडखळला.

या पाच वर्षांत आयोग, न्यायालय आणि कौन्सिल यांच्यासमोर उमेदवाराच्या हिशेबाचा, कायद्याच्या कलमाचा, अहवालाच्या लांबीचा प्रश्न होता. वाचकाचा प्रश्न कोणीच विचारला नाही. वेगवेगळ्या नावांखाली एकच मजकूर छापला गेला, तर तो लिहिला कोणी? डेस्कवर कोणत्या ईमेलनं आला? जाहिरात विभागातून आला की संपादकीयातून? ज्यांची नावं वर होती त्यांनी तो वाचला होता का? ही उत्तरं घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच इमारतीत, अर्ध्या तासात मिळण्यासारखी होती. विचारायला माणूस हवा होता.

त्या माणसाला ती उत्तरं मिळाली असती का? 'पोस्ट'चं उदाहरण पाहता खात्री देता येत नाही. मालकाला लागणारा प्रश्न विचारल्यावर त्याचं पद राहिलं असतं का, हेही सांगता येत नाही. पण उत्तर मिळालं नाही, असं चार ओळींत जरी त्या दैनिकाच्या संपादकीय पानावर छापलं गेलं असतं, तरी वाचकाला त्यातून पुष्कळ कळलं असतं. म्हणून मला या पदाबद्दल भाबडा उत्साह नाही आणि निराशाही नाही. चांगुलपणावर सोडलं तर ते शोभेचं होतं. अटी लिहून घेतल्या तर ते काम करतं, निदान काही मजल्यांपर्यंत.

त्या अटी नेमणूकपत्रात लिहिता येण्याजोग्या आहेत. माणूस त्या समूहात पुन्हा नोकरी करणार नाही आणि मुदत एकदाच, तीन वर्षांची. मुदतीपूर्वी काढायचं तर कारण त्याच दैनिकात छापावं. स्तंभाला संपादकाचा हात लागणार नाही आणि त्याची जागा ठरलेली, जाहिरात आली म्हणून सरकणार नाही. वार्ताकक्षातल्या कोणालाही, सर्वांत धाकट्या उपसंपादकालाही, त्याच्याकडे नाव गुप्त ठेवून जाता येईल. आणि मराठी दैनिकासाठी सगळ्यात महत्त्वाचं, त्याला जाहिरात विभागाची कागदपत्रं मागता येतील. ही शेवटची अट अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये फारशी कोणी घातली नाही. आपल्याकडे तिच्यावाचून बाकीचं सगळं फोल आहे, कारण तालुक्याच्या गावी बातमीदार आणि जाहिराती गोळा करणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्याला बातमीचं मानधन तुटपुंजं मिळतं आणि पोट भरतं ते नेत्यांच्या वाढदिवसांच्या, नियुक्त्यांच्या, गणेशोत्सवाच्या जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात घ्यायची, त्याच्याच पाणीपुरवठा योजनेतल्या गैरव्यवहाराची बातमी त्यानं कशी द्यायची? त्या माणसाला नीतीचे धडे देऊन उपयोग नाही. या कोंडीबद्दलचा प्रश्न मुख्यालयाला विचारला पाहिजे. एखाद्या दैनिकानं खरंच हे पद निर्माण केलं, तर त्या व्यक्तीनं पहिले सहा महिने पुण्या-मुंबईच्या आवृत्त्यांवर घालवू नयेत. बीड, यवतमाळ, सिंधुदुर्ग अशा जिल्हा कार्यालयांत जाऊन बसावं, आणि निवडणुकीच्या महिन्यात तर तिथेच मुक्काम करावा.